दुमडलेला कोपरा

४ मार्च

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचतात की नाही ते कळत नाही. भाऊजींना फोन केला की ते ‘ती झोपली आहे’ म्हणतात, तेही सकाळी अकरा वाजता. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र नको असेल तर निदान परत तरी येतं.

दवाखाना आता तू ओळखणार नाहीस. लाकडी बाकं गेली ती तुझ्यासमोरच गेली. त्यांच्या जागी आलेल्या निळ्या खुर्च्या आता एकमेकींना जोडल्यात, म्हणजे कोणी खुर्ची उचलून पंख्याखाली नेऊन बसू शकत नाही. भिंतीवरही आता टीव्हीसारखा पडदा आहे, त्यावर नंबर येतो आणि एक बाईचा आवाज तो मोठ्याने वाचतो. गोळ्यांच्या खिडकीतल्या मावशी त्या आवाजाला ‘माझी सवत’ म्हणतात. एकतीस वर्षं नावानं हाका मारल्यावर आता त्यांना नुसतं बसायचा पगार मिळतो, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

दोन डॉक्टर पगारावर आहेत, मंगळवारी कातडीचा तिसरा येतो. पेशंटला सरासरी बावीस मिनिटं थांबावं लागतं. बाबांच्या काळात दीड तास लागायचा, आणि त्यातला अर्धा तास बाबा कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाची चौकशी करण्यात घालवायचे. हसू नकोस, मी हे मोजलं होतं. मला डॉक्टर होता आलं नाही. बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी विसरूही दिलं नाही. मी कारभार शिकून आलो, तू मला ‘कारभारी’ म्हणायला लागलीस, आणि चेष्टेत का होईना, मला ते आवडायचं.

आता मुद्द्याचं. एका मोठ्या रुग्णालयाच्या लोकांना आपला दवाखाना त्यांच्यात घ्यायचा आहे. पाटी त्यांची लागेल, पण खाली बारीक अक्षरांत बाबांचं नाव राहील, ते मी भांडून मिळवलंय. एक जूनपासून सगळी यंत्रणा त्यांची. बाबांनी दवाखाना दोघांच्या नावावर केल्यामुळे तुझी सही लागते. कागद सोबत आहेत, जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे.

आणखी एक. डॉक्टरांच्या समितीनं तुझ्या डॉक्टरकीवर घातलेली दोन वर्षांची बंदी जूनमध्ये संपते. तुला परत येता येईल. जे झालं त्याला सव्वादोन वर्षं होऊन गेली, ताई. माणूस आहे, दमतो, नजर चुकते. बाइंडरकाकांच्या बाबतीत तुझी नजर चुकली. मी तुला एका शब्दानेही कधी दोष दिला नाही, हे तरी तू मानशील.

सही करून पाठव. आणि जमलं तर दोन ओळी लिही.

तुझा कारभारी


२९ मार्च

ताई,

कागद परत आले. सही नाही. फुली खोडरबरानं पुसून टाकलीस, हे खास तुझं. आणि पाकिटाच्या मागे एवढंच: ‘काकांचं कार्ड कुठे आहे?’

सव्वादोन वर्षांनी बहिणीचा एक प्रश्न आला, तोही असा.

सांगतो. सगळी कार्डं रद्दीत गेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळं चढवल्यावर चार हजार पुठ्ठे ठेवायचे कुठे? त्या खोलीत आता रक्त घेतात. रद्दीवाल्यानं टेम्पो आणला होता, मावशी दारात उभ्या राहून एखाद्याला निरोप द्यावा तसं बघत होत्या.

लिहिता लिहिता आठवत गेलं. तू नऊ वर्षांची, मी सहा. बाबांनी आपल्याला कार्डांच्या खणासमोर उभं केलं होतं. कार्डाचा वरचा उजवा कोपरा दुमडलेला म्हणजे या माणसाला एखादं औषध सोसत नाही, आत बघा. खालचा डावा कोपरा दुमडलेला म्हणजे याला खरं सांगू नका, घरच्यांना सांगा. अक्षर वाचायला वेळ लागतो, बोटाला कोपरा लगेच लागतो, असं ते म्हणायचे. मग आपल्याला डोळे मिटून कोपरे ओळखायला लावायचे. तू कधी चुकली नाहीस. मी दर वेळी चुकायचो, आणि तू हळूच माझं बोट बरोबर कोपऱ्यावर नेऊन ठेवायचीस.

पडद्यासाठी कार्डांचे फोटो काढायचं यंत्र आणलं तेव्हा खरी गंमत झाली. गठ्ठा वर ठेवायचा, यंत्र एकेक कार्ड ओढून घेतं. दुमडलेला कोपरा आला की यंत्र अडायचं, लाल दिवा लागायचा, झाकण उघडून कार्ड हातानं सोडवायचं. पहिल्या दिवशी शंभरही झाली नाहीत. आठ दिवसांवर नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. शेवटी मी घरून इस्त्री आणली. बाबांच्या तपासणीच्या टेबलावर चादर घातली आणि बसून कोपरे सरळ केले. मावशी म्हणाल्या, ‘‘दादा, हे कोपरे डॉक्टरांचे आहेत.’’ मी म्हणालो, ‘‘मावशी, आता कोपऱ्यात लपवायचं काही नाही, सगळं पडद्यावर येतंय.’’ त्या वेळी सगळे हसलो होतो.

सांगायचं एवढंच की कार्डावर जे होतं ते पडद्यावर होतं. समितीसमोर तो छापील कागद होता. ‘ॲलर्जी: आहे, पेनिसिलीन.’ तुला तो दाखवला, तू वाचलास आणि तूच म्हणालीस, ‘‘लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही.’’ कोणी तुझ्या तोंडात शब्द घातले नाहीत. आता कार्ड शोधून काय मिळणार? जुनी खपली कशाला काढायची?

कागद पुन्हा पाठवतोय. या वेळी फुली पेनानं मारली आहे.

कारभारी


१८ एप्रिल

ताई,

तुझं काही आलं नाही तरी लिहितोय. बोलायला दुसरं कोणी उरलेलं नाही, हे तुला हसण्यासारखं वाटेल.

काल बाइंडरकाकू आल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या त्या अजून आपल्याकडूनच नेतात. मला वाटलं होतं त्या आपलं तोंड बघणार नाहीत, पण पहिल्या महिन्यापासून येतायत. काकांचं समोरचं दुकान त्यांनी बंद केलं नाही. शिवायचं काम जमत नाही, नुसती खळ लावून पुठ्ठे चिकटवतात. आपली जुनी रजिस्टरं आठवतात तुला? काळं कापड, लाल पाठ. काका दर वर्षी एक रजिस्टर जास्तीचं बांधून आणायचे आणि ‘‘पेशंट वाढू देत असं म्हणवत नाही, पण हे असू दे’’ म्हणायचे.

काकू निळ्या खुर्चीत नंबर येऊन गेला तरी बसून राहिल्या. मी बाहेर आलो तर म्हणाल्या, ‘‘तुझी ताई कशी आहे रे?’’

मी म्हणालो, ‘‘बरी आहे.’’

‘‘तिला सांग, माझा तिच्यावर राग नाही. पहिल्या वर्षी होता. आता नाही. एक मात्र मला अजून समजत नाही. ते घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आपण कोपऱ्याचे माणूस, आपलं कार्ड लाखात ओळखतात. मग त्या दिवशी कसं ओळखलं नाही?’’

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. पाणी दिलं असेल.

दुसरी गोष्ट मावशींची. रुग्णालयाच्या लोकांना खिडकी नको आहे. गोळ्या आता बंद पाकिटात आतूनच मिळणार. म्हणजे मावशींचं काम मे अखेर संपतं. हे मीच त्यांना सांगायचं होतं, सांगितलं. मला वाटलं रडतील, निदान बाबांचं नाव तरी काढतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘‘बरं झालं सांगितलंत. मग माझ्याकडचं सामान परत करायला हवं.’’

आज सकाळी येताना त्यांनी एक खोका आणला, बुटांचा. दोरीने बांधलेला. माझ्या टेबलावर ठेवला आणि जाऊन खिडकीत बसल्या.

अजून उघडला नाही. काहीतरी जुनं सटरफटर असणार. सही तेवढी पाठव, ताई. एक जून जवळ येतोय आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझा


९ मे

ताई,

काल भाऊजींचा फोन आला. त्यांनी आपण होऊन केला. तुला ते माहीत आहे की नाही, मला कळत नाही, त्यामुळे त्यांच्यावर चिडू नकोस.

म्हणाले, ‘‘तुमची ताई सध्या शाळेच्या वाचनालयात जाते. पुस्तकांवर शिक्के मारते. मी म्हटलं बरं आहे, मन रमेल. पण प्रत्येक शिक्का ती मला दाखवते. तारीख बरोबर आहे का, नीट वाचून सांगा म्हणते.’’

मग म्हणाले, ‘‘डोळे तीन ठिकाणी तपासले. तिघांनी काही नाही म्हणून सांगितलं. मग मेंदूचा फोटो काढला. तोही स्वच्छ आला. तो स्वच्छ आला तेव्हा ती रडली. मला म्हणाली, काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं.’’

 

‘‘तुम्ही तिथे होतात,’’ ते म्हणाले. ‘‘तिला एकच गोष्ट आठवते. पडद्यावर हिरवं अक्षर होतं. ‘नाही’ लिहिलेलं. ती म्हणते, मला ते आजही दिसतं. आणि समितीच्या कागदावर लाल अक्षरात ‘आहे’. म्हणजे माझं डोकं मला नसलेलं दाखवतं. असं डोकं घेऊन मी कोणाला हात लावू? मी तिला काय सांगू, तुम्हीच सांगा.’’

मी त्यांना म्हणालो, पत्र लिहितो.

म्हणून हे लिहायला बसलो. चार वेळा फाडलं. मागच्या पत्रात मी म्हटलं की खोका उघडला नाही. त्याच संध्याकाळी उघडला होता. त्यात कार्डं आहेत. रद्दीच्या टेम्पोत चढवायच्या आधी मावशींनी वेचून बाजूला काढलेली, फक्त वरच्या उजव्या कोपऱ्याची. दोनशे अकरा. मी त्यांना विचारलं, सगळे कोपरे तर मी सरळ केले होते, तुम्ही ओळखलीत कशी? त्या म्हणाल्या, ‘‘दादा, इस्त्रीनं कोपरा सरळ होतो. मोडल्याची रेघ जात नाही. बोट फिरवून बघा.’’

बोट फिरवून बघितलं. खरंच जात नाही.

काकांचं कार्ड वरून तिसरं आहे. म्हणजे ते रद्दीत गेलं नव्हतं, आणि ते गेलं असं मी तुला खात्रीनं लिहिलं. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

आज एवढंच. माझ्याच्याने आज एवढंच होतंय.


२३ मे

ताई,

सही नको. ते कागद फाडून टाक. रुग्णालयाच्या लोकांना मी काल कळवलं. त्यांचा माणूस फोनवर इतका नम्र झाला की आता पुन्हा विचारणार नाही हे त्यातच कळलं.

आता जे लिहितोय ते एका दमात लिहितोय, मागे वळून वाचणार नाही. वाचलं तर फाडेन.

कार्डांचे फोटो चढवताना पडद्यावर प्रत्येक माणसासाठी एक चौकट भरावी लागायची. ‘ॲलर्जी: आहे / नाही.’ ती भरल्याशिवाय यंत्र पुढच्या कार्डावर जाऊ देत नव्हतं. फोटोत बाबांचं अक्षर होतं, पण ते वाचून चौकट भरायची कोणीतरी. ते काम मी माझ्याकडे घेतलं होतं. पहिली शेदोनशे कार्डं मी नीट वाचली. कोपऱ्याचं आलं की थांबायचो, बाबांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर लावायचो, भरायचो. एका कार्डाला पाच मिनिटं. मग पत्रिका आठवायची, खुर्च्यांचा टेम्पो दारात आलेला असायचा. यंत्र बनवणाऱ्यांच्या माणसानं मला दाखवलं, सगळ्यांना एकदम ‘नाही’ भरता येतं, एकच बटण आहे, नंतर सवडीनं ज्याचं असेल त्याचं बदला.

मी ते बटण दाबलं. सवड मी कधी काढली नाही.

मला कोपरे कळत नव्हते म्हणून नाही दाबलं. मला माहीत होतं कोपरा म्हणजे काय. तूच माझं बोट नेऊन ठेवायचीस.

आणखी ऐक. बाबांची पद्धत होती, पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यायचं तर आधी कातडीखाली थोडंसं टोचायचं आणि अर्धा तास बाकावर बसवायचं. पडदा आल्यावर मी एका पेशंटला आठ मिनिटं ठरवली. आठाच्या वर गेलं की पडद्याची कड लाल व्हायची. तू भांडलीस. मी नियम लिहून भिंतीला लावला: जुना पेशंट असेल आणि पडद्यावर ‘नाही’ असेल तर थांबवायचं नाही. तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. मग म्हणालीस, ‘‘तू प्रत्येक कार्ड वाचून भरलंयस ना?’’ मी म्हणालो, ‘‘ताई, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’’

असं विचारलं की तू गप्प बसतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या दिवशी मी दारातच होतो. काकांच्या तळहाताला पुठ्ठा कापायच्या सुरीची जखम होती, चार दिवसांची, सुजलेली. त्यांनी सुई बघितली आणि हसत विचारलं, ‘‘बाबांचं कार्ड बघितलंत ना, डॉक्टरबाई?’’ बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती तरी ते असंच म्हणायचे. तू पडद्याकडे बोट केलंस. ‘‘बघितलं, काका. सगळं इथे आहे.’’ त्यांनी लगेच बाही वर केली. मला सोसत नाही, एवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर ते आज समोर पुठ्ठे कापत असते. पण ते कशाला म्हणतील? आपल्या घराला ते माहीत आहे, या भरवशावर ते वीस वर्षं निर्धास्त होते.

पुढचं तुला माहीत आहे. तू जे जे करायला हवं ते सगळं केलंस. उताऱ्याचं औषध दिलंस, छाती दाबलीस, गाडीत त्यांच्याबरोबर गेलीस. समितीनंही ते मान्य केलं होतं. साडेअकराला तू परत आलीस आणि आतल्या खोलीत हात धुवायला गेलीस. नळ बराच वेळ चालू होता.

तो नळ चालू असताना मी तुझ्या टेबलावर बसलो. पडद्यावर काकाच होते अजून. हिरव्या अक्षरात ‘नाही’. मी ते बदलून ‘आहे’ केलं आणि पुढे औषधाचं नाव लिहिलं. अक्षर लाल झालं. अकरा वाजून बावन्न मिनिटं. वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण यंत्र प्रत्येक बदलाची वेळ लिहून ठेवतं, फक्त ती कोणी मागितल्याशिवाय दाखवत नाही. समितीनं मागितली नाही. त्यांना छापील कागद हवा होता, तो मी नेऊन दिला.

का केलं? त्या क्षणी मी एवढाच विचार केला की चूक पडद्याची निघाली तर दवाखाना बुडेल, आणि डॉक्टरची निघाली तर डॉक्टर सावरेल. तू सगळ्यातून सावरतेस असं मी धरून चाललो. मग तू समितीसमोर उभी राहिलीस, कागद वाचलास, माझ्याकडे एकदा बघितलंस. मला वाटलं तुला कळलं. तुला कळलं नव्हतं. तू माझ्याकडे आधारासाठी बघत होतीस. आणि मी मान हलवली. हो, लिहिलेलं होतं, अशी.

तेव्हापासून मी तुझं कार्ड खालच्या डाव्या कोपऱ्याचं करून ठेवलं. तुला खरं सांगायचं नाही. फरक इतकाच की बाबा ते माणसाला वाचवायला करायचे.

पकडला गेलो म्हणून लिहितोय असं समजशील. मला कोणी पकडलेलं नाही. उलट रुग्णालयाच्या माणसानं सांगितलं होतं की एक जूनला त्यांची यंत्रणा बसली की आपल्या जुन्या यंत्रातल्या बदलांच्या नोंदी पुसल्या जातील. मी दोन महिने तेवढ्यासाठीच तुझ्या सहीच्या मागे होतो. पाटी, बाबांचं नाव, तुझं परत येणं, ते सगळं वरवरचं होतं. मला तो एक जून हवा होता. तू फुली पुसून टाकलीस आणि मी अडकलो, आणि भाऊजींनी डोळ्यांचं सांगितलं तेव्हा त्या अडकण्यातच मला थोडं बरं वाटलं. हेही लिहून टाकतो.

नोंदींचा कागद मी काढून घेतला आहे. त्यावर दोन वेळा दिसतात. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझ्या नावाने ‘नाही’, आणि त्या दिवशी अकरा बावन्नला माझ्याच नावाने ‘आहे’. काकांना इंजेक्शन दिलं ते दहा अठ्ठेचाळीसला. हा कागद, हे सगळं माझ्या सहीचं लिहून, समितीला काल पाठवलं. पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं, शिक्का मारला, आणि मी पावती घेऊन बाहेर आलो. परत मागता येईल का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आता नाही.

मावशी आणि मी पंधरा दिवस रोज दुपारी बसतोय. राहिलेल्या दोनशे दहा कार्डांच्या चौकटी भरतोय. मावशी बोट फिरवतात, मी वाचतो, त्या परत वाचतात. त्या दिवसानंतर प्रत्येकाला तोंडी विचारायचा नियम मी केला होता, एवढीच काय ती अक्कल. नाहीतर इतकी माणसं या गावात हिरवं ‘नाही’ घेऊन फिरत होती, आणि मी बावीस मिनिटं बावीस मिनिटं करत मिरवत होतो. सातजण मधल्या काळात गेलेत. कशानं गेले ते मी एकेकाच्या घरी जाऊन विचारलं. आपल्यामुळे कोणी नाही. निदान कागदावर तरी नाही.

काकूंकडे परवा गेलो. खळीचं भांडं पुढ्यात होतं. मी उभ्यानंच सांगितलं, बसा म्हणाल्या तरी बसलो नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुसले. म्हणाल्या, ‘‘म्हणजे ती सव्वादोन वर्षं मान खाली घालून आहे, आणि मी तिला माफ केलं म्हणून सगळ्यांना सांगत सुटले.’’ मग म्हणाल्या, ‘‘आता जा. गोळ्या दुसरीकडून आणेन.’’ मी रस्ता ओलांडला तेव्हा मागे दुकानाचं दार लागल्याचं ऐकू आलं. त्या दुपारी ते दार मी पहिल्यांदा बंद पाहिलं.

समिती मला बोलावेल. पोलीसही येतील बहुधा. यायलाच हवेत. दवाखाना चालेल की बंद पडेल, मला माहीत नाही. मावशींकडे किल्ली दिली आहे. तू आलीस तर त्या उघडतील. मी तिथे असेन की नसेन याचा विचार करून येणं टाळू नकोस. तुला नको असेल तर मी समोरच्या फुटपाथवरही दिसणार नाही.

माफी मागत नाही. काकूंनी ती चुकीच्या माणसाला देऊन टाकली, तुझ्याकडे मागायचं तोंड मला नाही.

सोबत दोन गोष्टी आहेत. एक नोंदींचा कागद, तो भाऊजींना वाचायला दे. दुसरं काकांचं कार्ड. ते तू कोणाला वाचायला देऊ नकोस. आधी डोळे मिट, पूर्वीसारखे, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यावरून बोट फिरव. रेघ लागेल. मग डोळे उघड आणि वाच. पुन्हा कोणाला विचारू नकोस, बरोबर आहे का म्हणून. शिक्क्यांचंही विचारू नकोस.

तुझे डोळे चांगले आहेत, ताई. तुझं डोकंही चांगलं आहे. त्या दिवशी पडद्यावर हिरव्या अक्षरात ‘नाही’ असंच होतं.

तू नीट वाचलं होतंस.